क्रांतीने स्वतः निवडलेले युद्ध : फ्रान्स, १७९२

२० एप्रिल १७९२ या दिवशी लुई सोळावा पॅरिसमध्ये विधानसभेपुढे आला आणि त्याने हंगेरी व बोहेमियाच्या राजाविरुद्ध, म्हणजेच ऑस्ट्रियाविरुद्ध, युद्ध पुकारण्याचा प्रस्ताव मांडला. ७४५ सदस्यांच्या त्या सभेत विरोधी मते पडली अवघी सात. तिथून चार महिन्यांच्या आत राजा कैदेत होता, पाच महिन्यांनी फ्रान्स प्रजासत्ताक झाला होता आणि नऊ महिन्यांनी राजाचे मस्तक धडावेगळे झाले होते. या काळात परकी फौजा देशात शिरल्या आणि माघारी फिरल्या. राजधानीच्या तुरुंगांत हजाराहून अधिक माणसे कापली गेली. त्याच काळात शेतकऱ्यांवरचे सरंजामी देणे जवळजवळ संपले, गरीब पुरुषांना मत मिळाले आणि स्त्रीला घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला.

आपल्याकडे फ्रेंच राज्यक्रांती म्हटले की १७८९ मधला बॅस्टिलचा पाडाव आठवतो आणि नंतर एकदम रोबेस्पिएरचे भयपर्व. मधले १७९२ साल पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकते. वास्तविक क्रांतीविषयीचा सर्वांत मोठा वाद याच वर्षापाशी येऊन थांबतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणारी क्रांती रक्तपाताकडे का वळली?

या प्रश्नाला इतिहासकारांनी दिलेली उत्तरे ढोबळमानाने दोन गटांत पडतात. सोर्बोनमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या अध्यासनावर बसलेला पहिला प्राध्यापक आल्फोंस ओलार आणि त्याच्यानंतर प्रजासत्ताकवादी व समाजवादी परंपरेतले अनेक अभ्यासक म्हणत की दोष परिस्थितीचा आहे. बाहेरून शत्रू चालून आला, आतून फितुरी झाली, तेव्हा क्रांतीने जीव वाचवण्यासाठी शस्त्र उचलले. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की हिंसेचे बीज क्रांतीच्या विचारातच होते. १८७० च्या दशकात इपोलित तेन याने ही मांडणी संतापाने केली, तर शंभर वर्षांनी फ्रांस्वा फ्युरे याने ती शांत, तात्त्विक भाषेत केली. फ्युरेचा स्वतःचा प्रवासही बोलका आहे. १९६५ मध्ये दनी रिशे याच्याबरोबर लिहिलेल्या इतिहासात त्याने म्हटले होते की उदारमतवादी क्रांती साधारण १७९२ च्या सुमारास रुळावरून घसरली. १९७८ मध्ये त्याने ते मत सोडले आणि घसरण मुळातच, १७८९ च्या विचारपद्धतीतच, होती असे प्रतिपादले.

१७९२ चा घटनाक्रम नीट लावून पाहिला तर दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. युद्ध हे क्रांतीवर आभाळातून कोसळलेले संकट नव्हते. ते माणसांनी विचारपूर्वक, भाषणे करून, मते मोजून निवडले. आणि ते निवडल्यानंतर राजकीय मतभेदाला फितुरीचे रूप येणे फार सोपे झाले. म्हणून परिस्थिती आणि विचार यांच्याइतकेच लक्ष त्या निर्णयांकडे आणि ते घेणाऱ्यांकडे द्यायला हवे.

युद्ध कोणाला हवे होते?

जून १७९१ मध्ये राजाने सहकुटुंब पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि व्हारेन या गावी तो पकडला गेला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने क्रांतीचे बहुतेक काम धिक्कारले होते. तरीही संविधान सभेने त्याला गादीवर ठेवले, कारण राजाशिवायच्या राज्यघटनेची तयारी तिच्याकडे नव्हती. सप्टेंबरमध्ये राजाने राज्यघटना मान्य केली, १ ऑक्टोबरला नवी विधानसभा भरली. तिच्यात जुन्या सभेतला एकही सदस्य नव्हता, कारण रोबेस्पिएरच्या प्रस्तावावरून त्यांना उभे राहण्यास बंदी घातली गेली होती. अडीच वर्षांचा संसदीय अनुभव असलेली सारी माणसे एका फटक्यात सभागृहाबाहेर गेली.

सीमेपलीकडे ऱ्हाइन नदीकाठी कोब्लेन्झमध्ये परागंदा सरदार जमले होते आणि त्यांचे पुढारी होते राजाचे सख्खे भाऊ. ऑगस्ट १७९१ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट लिओपोल्ड आणि प्रशियाचा राजा यांनी पिल्निट्झ येथून पत्रक काढून हस्तक्षेपाची धमकी दिली. परंतु युरोपातल्या इतर सत्ता सोबत आल्या तरच पाऊल उचलू, अशी पाचर त्यात मारून ठेवलेली होती. ब्रिटन सोबत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणजे १७९१ च्या अखेरीस फ्रान्सवर आक्रमण अटळ होते असे म्हणता येत नाही.

तरीही तीन वेगवेगळ्या गटांना युद्ध हवे होते आणि तिघांचे हेतू एकमेकांच्या विरुद्ध होते. दरबाराचा हिशेब असा की मोडकळीला आलेली फ्रेंच सेना एक मोहीमही पेलणार नाही, पराभव होईल आणि घाबरलेली प्रजा राजाकडे धाव घेईल. राजा आणि राणी या दोघांच्या खासगी पत्रांतून हा हिशेब स्वच्छ दिसतो. सेनापती लाफायेत आणि युद्धमंत्री नारबोन यांना छोटे, विजयी युद्ध हवे होते, ज्यातून सेनापतींची प्रतिष्ठा वाढेल आणि तिच्या बळावर पॅरिसमधले उपद्व्यापी क्लब आवरता येतील. तिसरा गट विधानसभेचा सदस्य ब्रिसो याचा, ज्याला पुढे जिराँदिन म्हटले गेले. त्यांना वाटे की युद्धाने राजाला उघडपणे एक बाजू घ्यावी लागेल, फितूर उघडे पडतील आणि युरोपातल्या दडपलेल्या प्रजा फ्रेंच सैनिकांचे स्वागत करतील. मोठ्या फितुरीचे ब्रिसोला भय नव्हते. तिच्यामुळे लोक जागे होतील असेच तो म्हणे.

जॅकोबिन क्लबात या मताला सर्वांत ठाम विरोध केला रोबेस्पिएरने. खरा शत्रू कोब्लेन्झमध्ये नसून राजवाड्यात आहे, सेनेची सूत्रे राजाच्या माणसांकडे आहेत, विजय झाला तर एखादा सेनापती स्वातंत्र्याचा गळा घोटेल आणि संगिनी रोखून आलेल्या उपदेशकांचे कोणतीही प्रजा स्वागत करत नाही, असे त्याने जानेवारी १७९२ च्या भाषणात मांडले. पुढे भयपर्वाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्याच माणसाने हे म्हटले होते. त्याच्या प्रत्येक इशाऱ्याला पुढच्या वर्षांनी दुजोरा दिला. दुसऱ्या टोकाला बार्नाव्हसारखे राजेशाहीवादी मवाळही युद्धाविरुद्ध होते. परंतु या दोन विरोधकांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता आणि त्यांचे बळ एकत्र आले नाही.

ब्रिटिश इतिहासकार टी. सी. डब्ल्यू. ब्लॅनिंग याने १९८६ च्या ग्रंथात या युद्धाच्या उगमाचा विचार मांडताना विचारसरणीपेक्षा चुकीच्या अंदाजांवर भर दिला. व्हिएन्नातला वृद्ध चान्सलर काउनिट्झ याला वाटले की धमकीने फ्रेंच नमतात. ब्रिसोला वाटले की जुन्या राजवटी आतून पोकळ आहेत. प्रशियाला झटपट मुलुख मिळण्याची आशा होती. प्रत्येकाने समोरच्याला दुबळे मानले, म्हणून प्रत्येकाला युद्ध स्वस्त वाटले. ही मांडणी पटण्यासारखी आहे. परंतु पॅरिसमधली भाषणे वाचली की आणखी एक गोष्ट जाणवते. तिथे युद्धाकडे परराष्ट्र धोरणाचे साधन म्हणून पाहिलेच जात नव्हते. घरातले भांडण मिटवण्याचे साधन म्हणून ते पुढे केले जात होते. इथेच सगळे बिनसले.

२० एप्रिलच्या मतदानाच्या दिवशीच तत्त्वज्ञ सदस्य कोंदोर्से सभेपुढे सार्वजनिक शिक्षणाची योजना वाचत होता. सर्व मुलामुलींना मोफत शिक्षण देणारी ती योजना होती. युद्धाच्या प्रस्तावासाठी ते वाचन थांबवावे लागले आणि दुसऱ्या दिवशी पुरे झाले. पुढे त्या योजनेवर फारसे काही घडले नाही. क्रांतीने त्या दिवशी कशाला अग्रक्रम दिला हे यातून कळते.

पराभव आणि संशय

युद्ध सुरू होताच दरबाराचा अंदाज खरा ठरू लागला. सरदार घराण्यांतले निम्म्याहून अधिक लष्करी अधिकारी देश सोडून गेले होते. जे राहिले त्यांच्यावर शिपायांचा भरवसा नव्हता. एप्रिलच्या अखेरीस बेल्जियमच्या सीमेवर पहिल्याच चकमकीत फ्रेंच तुकड्या पळत सुटल्या आणि आपल्याला विकले या समजुतीने शिपायांनी लीलमध्ये आपलाच सेनापती तेओबाल्ड दिलाँ याला ठार केले. त्याच आठवड्यात, २५ एप्रिलला, पॅरिसमध्ये एका दरोडेखोराला देहदंड देण्यासाठी गिलोटिन प्रथम वापरले गेले आणि त्याच रात्री स्ट्रासबुर्गमध्ये रुजे द लील या अधिकाऱ्याने ऱ्हाइनच्या सेनेसाठी रणगीत रचले. तेच पुढे मार्सेयेझ म्हणून फ्रान्सचे राष्ट्रगीत झाले.

दिलाँ निर्दोष होता. परंतु संशयाला आधारच नव्हता असेही म्हणता येत नाही. मार्च १७९२ मध्ये, युद्ध पुकारण्यापूर्वीच, राणी मारी आंत्वानेतने फ्रेंच मोहिमेचा आराखडा ऑस्ट्रियाकडे कळवला होता. ही पत्रे त्या वेळी कोणी पाहिलेली नव्हती, ती पुढच्या शतकात छापली गेली. पॅरिसच्या गल्ल्यांत जे कुजबुजले जात होते त्याचा गाभा खरा निघाला. अमेरिकन इतिहासकार टिमोथी टॅकेट याने त्या काळातल्या लोकांची पत्रे चाळून दाखवले आहे की व्हारेननंतर भय आणि अविश्वास समाजात कसे मुरत गेले. त्याच्या अभ्यासाने एक गोष्ट लख्ख होते. राजाची फितुरी खरी असल्यामुळे इतर प्रत्येक आरोप विश्वसनीय वाटू लागला. एकदा सर्वोच्च स्थानी दगा झाला की खालच्या कुठल्याही माणसाचा निर्दोषपणा सिद्ध करणे अवघड होते.

भाकरी, साखर आणि कागदी नोटा

सीमेवरच्या बातम्यांखाली दबून जाणारा दुसरा पेच पोटाचा होता. चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर काढलेल्या असिन्या या कागदी नोटांचे मोल १७९२ च्या वसंतात दर्शनी किमतीच्या साधारण साठ टक्क्यांवर आले होते. शेतकरी नोटा घेऊन धान्य विकायला तयार नव्हते. कॅरिबियन बेटांतल्या सां-दोमांग या वसाहतीत ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केल्यावर साखरेची आवक घटली आणि जानेवारी-फेब्रुवारीत पॅरिसच्या मजूर वस्त्यांत वाण्यांच्या दुकानांवर लोक चालून गेले. पॅरिसजवळच्या एताँप गावात ३ मार्चला जमावाने धान्याचे भाव बांधून मागितले. महापौर सिमोनो याने नकार दिला आणि तो मारला गेला.

विधानसभेने सिमोनोला कायद्याचा हुतात्मा ठरवून जूनमध्ये त्याच्या सन्मानार्थ उत्सव भरवला. पण शेजारच्याच खेड्यातला पियेर दोलिव्हिए हा पाद्री जमावाच्या बाजूने उभा राहिला. उपाशी माणसाचा जगण्याचा हक्क मोठा की मालकाचा मालमत्तेचा, असा प्रश्न त्याने विधानसभेला धाडलेल्या अर्जात विचारला. पुढच्या दोन वर्षांचे राजकारण याच प्रश्नाभोवती फिरले. युद्धाने महागाई वाढवली, सैन्यासाठी धान्य ओढून नेले आणि ज्यांच्या घरातला पोरगा सीमेवर गेला त्यांना भाकरी मागण्याचा नवा नैतिक अधिकार दिला.

हीच गोष्ट स्त्रियांची. ६ मार्चला पोलीन लेओं हिने तीनशेहून अधिक स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज विधानसभेत वाचला. स्वसंरक्षणासाठी शस्त्रे बाळगू द्या, कवायत करू द्या, अशी त्यांची मागणी होती. सभेने टाळ्या वाजवल्या, दिले काहीच नाही. जो लढतो तो नागरिक, हे सूत्र युद्धकाळात सर्वत्र मान्य होत होते आणि त्याचा अर्थ या स्त्रियांना अचूक कळला होता. शस्त्र नाकारले याचा अर्थ नागरिकत्व नाकारले. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळायला १९४४ साल उजाडले.

१० ऑगस्ट

जूनमध्ये राजाने दोन महत्त्वाच्या ठरावांवर नकाराधिकार वापरला. एक होता राज्याशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्या पाद्र्यांना हद्दपार करण्याचा, दुसरा पॅरिसच्या रक्षणासाठी प्रांतोप्रांतीच्या वीस हजार स्वयंसेवकांची छावणी उभारण्याचा. गृहमंत्री रोलां याने आक्षेप घेताच त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना काढून टाकले. २० जूनला जमाव त्युइलरी राजवाड्यात शिरला. राजाने लाल टोपी डोक्यावर चढवली, राष्ट्राच्या नावाने पेला उंचावला, पण नकाराधिकार मागे घेतला नाही. ११ जुलैला मायभूमी संकटात असल्याची घोषणा झाली. सेनेची आघाडी सोडून पॅरिसला आलेल्या लाफायेतने जॅकोबिनांना शिक्षा करण्याची मागणी केली, तरी ८ ऑगस्टला विधानसभेने ४०६ विरुद्ध २२४ मतांनी त्याला निर्दोष ठरवले.

त्याच्या आधी आठवडाभर ब्रुन्सविकच्या ड्यूकचा जाहीरनामा पॅरिसमध्ये पोचला होता. ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्या मित्रफौजांचा हा सरसेनापती धमकावत होता की राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिस बेचिराख करू. त्या मजकुरामागे परागंदा फ्रेंच सरदारांच्या गोटातला हात होता. राजाला वाचवण्यासाठी काढलेल्या या कागदाने राजा आणि शत्रू एकच आहेत हे शत्रूच्याच सहीने शाबीत केले.

१० ऑगस्टच्या उठावाला बेभान जमावाचा उद्रेक म्हणणे अन्यायाचे आहे. पॅरिसच्या ४८ प्रभागांपैकी ४७ प्रभागांनी राजाला पदच्युत करण्याची मागणी ३ ऑगस्टला रीतसर अर्जाने केली होती. महापौर पेतियों याने तो अर्ज सभेत नेला होता. अर्ज, शिष्टमंडळे, मुदती, असे सारे सनदशीर मार्ग वापरून झाले होते आणि विधानसभेला निर्णय घेववत नव्हता. ९ ऑगस्टच्या रात्री प्रभागांच्या प्रतिनिधींनी नगरपालिका ताब्यात घेतली. सकाळी मजूर वस्त्यांतले लोक, राष्ट्ररक्षक दल आणि मार्सेय व ब्रेस्टहून आलेले स्वयंसेवक त्युइलरीवर चालून गेले. राजा त्यापूर्वीच कुटुंबासह विधानसभेच्या आश्रयाला गेला होता. मागे राहिलेले स्वीस रक्षक आणि हल्लेखोर यांच्यात गोळीबार झाला. सुमारे ६०० स्वीस रक्षक मारले गेले, त्यांतले कित्येक शस्त्रे खाली ठेवल्यावर. हल्लेखोरांपैकी जवळपास चारशे जण मेले वा जखमी झाले आणि त्यांत सुतार, चांभार, लोहार अशी हाताने काम करणारी माणसे पुष्कळ होती.

जॉर्ज लफेब्व्र या थोर इतिहासकाराने या घटनेला दुसरी क्रांती मानले ते योग्यच आहे. १७८९ ने राजाची सत्ता मर्यादित केली, पण मताचा हक्क कर भरणाऱ्या पुरुषांपुरता ठेवला. १० ऑगस्टनंतर नव्या राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीसाठी ती अट गेली. घरगुती नोकर वगळता स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला मतदान करता आले. निवडणूक दोन टप्प्यांची होती आणि मतदानाला आलेल्यांचे प्रमाण कमी होते. तरीही युरोपातल्या एका मोठ्या देशाने गरिबाला मतदार मानले, याचे मोल कमी होत नाही.

सप्टेंबरचा कलंक

२३ ऑगस्टला लोंगवी पडले. २ सप्टेंबरला व्हेर्दंला वेढा पडल्याची बातमी पॅरिसमध्ये धडकली. त्यानंतर राजधानीपर्यंतच्या वाटेवर मोठा किल्ला उरत नव्हता. स्वयंसेवक निघायच्या तयारीत होते आणि अफवा पसरली की ते गेल्यावर तुरुंगातले राजनिष्ठ कैदी बाहेर पडून त्यांच्या बायकामुलांना मारतील. २ ते ६ सप्टेंबर या दिवसांत सशस्त्र टोळ्या तुरुंगामागून तुरुंगात शिरल्या. काही ठिकाणी टेबल मांडून झटपट न्यायनिवाड्याचा देखावा झाला, काहींना सोडलेही गेले. पियेर कारोंने १९३५ च्या बारकाईच्या अभ्यासात मृतांची संख्या १,०९० ते १,३९५ यांच्या दरम्यान धरली. दोनशेहून अधिक पाद्री त्यांत होते. पण मेलेल्यांतले बहुसंख्य, जवळजवळ तीन चतुर्थांश, साधे चोर, नोटा छापणारे, भुरटे गुन्हेगार होते. बिसेत्रच्या तुरुंगात तर कोवळी मुलेही मारली गेली.

इथे परिस्थितीचा युक्तिवाद तोकडा पडतो. व्हेर्दंच्या रक्षणाशी एका भुरट्या चोराचा काय संबंध होता? भय खरे होते, शत्रू खरा होता, परंतु या कैद्यांचा त्या शत्रूशी काही संबंध नव्हता. न्यायमंत्री दांतों, गृहमंत्री रोलां, विधानसभा, नगरपालिका, कोणीही टोळ्यांना ठामपणे आडवे गेले नाही. नगरपालिकेच्या दक्षता समितीने, जिच्यात मारा हा जहाल पत्रकार होता, प्रांतांना पत्रक धाडून या हत्यांचे समर्थनच केले. सत्ता हातात असलेल्यांनी त्या पाच दिवसांत नजर फिरवली, याची जबाबदारी युद्धावर ढकलता येत नाही.

म्हणून १० ऑगस्ट आणि २ सप्टेंबर यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. पहिल्याला जाहीर मागणी होती, सशस्त्र प्रतिस्पर्धी होता आणि लढणाऱ्याने स्वतःचा जीव पणाला लावला होता. दुसऱ्यात बंद दाराआडची निःशस्त्र माणसे होती. तेनसारखे लेखक दोन्ही दिवसांना झुंडशाही म्हणून निकालात काढतात, तर क्रांतीचे काही भक्त दोन्हींना जनतेचा न्याय म्हणतात. दोघेही जनतेचा अपमान करतात, कारण माणसे काय करत होती आणि कशासाठी, हे पाहण्याचे कष्ट ते घेत नाहीत.

व्हाल्मी आणि त्याच दिवशीचे कायदे

२० सप्टेंबरला शांपान्यमधल्या व्हाल्मी गावापाशी केलेरमान आणि दुमुरिए यांच्या फौजांनी प्रशियाचे आक्रमण रोखले. लढाई म्हणावी तर ती मुख्यत्वे तोफांची होती. दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून कमी लोक पडले. पावसाने, चिखलाने आणि हगवणीने प्रशियाची फौज खंगली होती. फ्रेंच रांगा मोडत नाहीत हे पाहून ब्रुन्सविकने हल्ला आवरला आणि दहा दिवसांनी माघार घेतली. प्रशियाचे अर्धे लक्ष पूर्वेकडेही होते, कारण मे महिन्यात रशियाची फौज पोलंडमध्ये घुसली होती. कवी गटे वायमारच्या ड्यूकसोबत त्या छावणीत हजर होता. त्याने त्या मोहिमेची हकिकत पुढे १८२२ मध्ये छापली.

व्हाल्मी म्हणजे अनवाणी स्वयंसेवकांचा विजय, ही कथा फ्रान्समध्ये शाळकरी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. जाँ-पोल बेर्तो आणि इतर लष्करी इतिहासकारांनी तिची छाननी केली आहे. त्या दिवशी तोफखाना जुन्या शाही सेनेत तयार झालेला होता आणि रांगांत कवायती पलटणींचे शिपाई भरपूर होते. स्वयंसेवकांमध्ये १७९१ च्या भरतीतले, वर्षभर शिस्तीत मुरलेले लोकही होते. जुने कौशल्य आणि नवी निष्ठा यांची ती जोड होती. सामान्य माणसाच्या निष्ठेचे मोल यामुळे उणे होत नाही. उलट ती निष्ठा प्रशिक्षणासह आली तेव्हाच उपयोगी पडली, हे कळते.

त्याच २० सप्टेंबरला पॅरिसमध्ये मावळत्या विधानसभेने शेवटच्या बैठकीत दोन कायदे केले. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या आणि घटस्फोटाला परवानगी दिली. परस्परसंमतीने किंवा स्वभाव न जुळल्यानेही विवाह मोडता येई आणि पती-पत्नीला हक्क सारखे होते. त्याआधी २५ ऑगस्टला आणखी खोलवर जाणारा कायदा झाला होता. १७८९ मध्ये सरंजामशाही रद्द झाल्याचा गाजावाजा झाला, पण जमिनीवरची बहुतेक देणी शेतकऱ्याने पैसे भरून सोडवून घ्यायची होती. आता पुराव्याचा भार उलटला. मूळ सनद दाखवता आली तरच जमीनदाराला देणे मागता येणार होते आणि अशी सनद फार थोड्यांकडे होती. पुढच्या वर्षी तीही सवलत संपली.

सां-दोमांगच्या उठावाच्या दडपणाखाली ४ एप्रिलला आणखी एक पाऊल पडले होते. वसाहतींतल्या मुक्त कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय पुरुषांना गोऱ्यांइतके राजकीय हक्क मिळाले. गुलामगिरी मात्र तशीच राहिली. तिच्या अंताचा ठराव यायला फेब्रुवारी १७९४ उजाडला आणि तो गुलामांनी स्वतः लढून ओढून आणला.

मुक्तिदाते की विजेते?

२१ सप्टेंबरला नव्या राष्ट्रीय सभेने राजेशाही रद्द केली. त्यानंतर दोन महिन्यांत फ्रेंच फौजा साव्हॉय, नीस, माइन्झमध्ये शिरल्या आणि ६ नोव्हेंबरला जमाप येथे ऑस्ट्रियाला हरवून ब्रसेल्समध्ये पोचल्या. १९ नोव्हेंबरच्या ठरावाने स्वातंत्र्य मागणाऱ्या प्रत्येक प्रजेला मदतीचे वचन दिले. २७ नोव्हेंबरला साव्हॉय फ्रान्सला जोडला गेला. त्याची राजधानी शांबेरी हे बेन्वा द ब्वाञचे जन्मगाव. आपल्याकडे डीबॉइन म्हणून ओळखला जाणारा महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा हा सेनानी त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात होता आणि खुद्द महादजी त्याच वर्षीच्या जूनपासून पुण्यात. युरोपातल्या सीमा इतक्या झपाट्याने हलत होत्या की दूरदेशी चाकरीला गेलेल्याचे गाव त्याच्या माघारी दुसऱ्या राज्यात जात होते.

साव्हॉयमध्ये बऱ्याच लोकांनी या जोडणीचे स्वागत केले, बेल्जियममध्ये तसे घडले नाही. १५ डिसेंबरच्या ठरावाने व्यापलेल्या प्रदेशात सरंजामी देणी रद्द केली, पण फौजेचा खर्चही तिथल्याच लोकांवर टाकला आणि नकार देणाऱ्यांना शत्रू ठरवले. मुक्तीचे रूपांतर वसुलीत व्हायला आठ महिनेसुद्धा लागले नाहीत. डेव्हिड बेल याने २००७ च्या ग्रंथात म्हटले आहे की युद्ध नाहीसे करण्यासाठी लढायचे, या कल्पनेनेच युद्धाला मर्यादा उरल्या नाहीत. १७९२ च्या शरदातले ठराव त्याला भक्कम आधार देतात.

इकडे २० नोव्हेंबरला त्युइलरीच्या भिंतीतले लोखंडी कपाट सापडले आणि त्यातल्या कागदांनी राजाच्या गुप्त व्यवहारांवर प्रकाश पडला. डिसेंबरमध्ये खटला सुरू झाला. सत्तरी ओलांडलेला माजी मंत्री मालझेर्ब आपणहून राजाच्या बचावाला उभा राहिला. दोषाबद्दल सभेत जवळपास एकमत झाले. बिनशर्त देहदंडासाठी मात्र ७२१ पैकी ३६१ मते पडली, म्हणजे अगदी निसटते बहुमत. इंग्लंडमधून आलेला आणि पा-द-काले विभागातून निवडून गेलेला थॉमस पेन हा कट्टर प्रजासत्ताकवादी असूनही देहदंडाविरुद्ध बोलला. २१ जानेवारी १७९३ ला राजाला मृत्युदंड दिला गेला आणि १ फेब्रुवारीला ब्रिटन व हॉलंडविरुद्ध युद्ध पुकारले गेले. ऑगस्टमध्ये भारतातले फ्रेंचांचे पुदुचेरीही ब्रिटिशांनी घेतले.

हिशेब

युद्ध निवडणाऱ्यांपैकी कोणाचाही अंदाज शेवटी खरा ठरला नाही. राजा आणि राणी गिलोटिनखाली गेले. लाफायेत पाच वर्षे शत्रूच्या तुरुंगात राहिला. ब्रिसोला १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच फितुरीच्या आरोपाखाली मारले गेले, जो आरोप त्याने इतरांविरुद्ध धारदार केला होता. दुमुरिए शत्रूला मिळाला. रोलांने आत्महत्या केली, कोंदोर्से कैदेत मेला. आणि युद्धाविरुद्ध बोललेला रोबेस्पिएर युद्धाने निर्माण केलेल्या अमर्याद सत्तेच्या आसनावर बसला व तिनेच त्याचा घास घेतला. सेनापतीबद्दलचा त्याचा इशारा बोनापार्टने खरा केला.

याचा अर्थ ओलारची बाजू निम्मी बरोबर आहे. युद्धाशिवाय सप्टेंबर घडला नसता. पण ते युद्ध क्रांतीच्या पुढाऱ्यांनी हौसेने मागून घेतले, हे त्या बाजूने सांगायला हवे. फ्युरेचीही निम्मी बाजू बरोबर आहे. जनतेची इच्छा एकच असते आणि तिला विरोध म्हणजे कट, ही समजूत युद्धापूर्वीच रुजली होती. पण समजूत असणे आणि तिच्या नावाने माणसे मारणे यांत बरेच अंतर आहे. ते अंतर मिटवण्याचे काम एप्रिल १७९२ च्या निर्णयाने आणि राजाच्या खऱ्या दग्याने केले.

मग या वर्षाने लोकांना दिलेले हक्क युद्धामुळेच मिळाले का? काही अंशी हो, कारण संकटात सापडलेल्या सभेला शेतकरी आणि मजूर आपल्या बाजूला हवे होते. पण मागणी युद्धाच्या आधीपासून तापलेली होती. १७९२ च्या वसंतात दक्षिणेकडच्या गार नावाच्या विभागात शेतकरी गढ्या जाळत होते. कॉन्स्टन्टिनोपलपासून लंडनपर्यंत कुठेही तोफ डागली नसती तरी ती देणी फार काळ टिकली नसती.

सर्वांत स्पष्ट उत्तर १८१५ मध्ये मिळते. तेवीस वर्षांच्या लढायांनंतर पराभूत फ्रान्सला १७९० च्या सीमांत परत जावे लागले. साव्हॉय, बेल्जियम, ऱ्हाइनचा काठ, शस्त्राने मिळवलेले सारे हातचे गेले आणि लाखो माणसे जिवानिशी गेली ती वेगळीच. बूर्बों राजे पुन्हा गादीवर आले, त्यांनी १८१६ मध्ये घटस्फोट रद्द केला. पण सरंजामी देणी त्यांना परत लादता आली नाहीत, जप्त होऊन विकल्या गेलेल्या जमिनी मूळ मालकांना देता आल्या नाहीत, जन्ममृत्यूची वही चर्चकडे नेता आली नाही. सर्व प्रौढ पुरुषांचे मतदान १८४८ मध्ये परतले, घटस्फोट १८८४ मध्ये. ज्या गोष्टी सामान्य फ्रेंच कुटुंबाच्या रोजच्या जगण्यात शिरल्या त्या राजांनाही उपटता आल्या नाहीत किंवा फार काळ रोखता आल्या नाहीत. क्रांतीचे खरे बळ या कायद्यांत होते. तिच्या पुढाऱ्यांनी ते तोफांत शोधले आणि त्याची किंमत फ्रेंच जनतेने एका पिढीहून अधिक काळ मोजली.